मताला आलेली गाडी

उसाच्या पाचटाचा वास आला की तीर्थपुरीजवळची माझी शाळा आठवते. एकदा तिथं मतदान होतं; शिक्षक म्हणून गावच्या मतदार यादीचं काम माझ्याकडे होतं आणि मी दाराशी मतदारांना चिठ्ठ्या देत बसलो होतो. एका उमेदवाराच्या टेम्पोतून ऊसतोडीला गेलेली माणसं मताला आली. एका बाईसोबत माझ्या चौथीच्या वर्गातली तिची मुलगी होती, हातांवर पाचटाचे ओरखडे. “गुरुजी, शाळा सुटू राह्यली हिची. परीक्षेपर्यंत तुमच्या घरी ठेवता का?” “घरी विचारून सांगतो,” मी म्हणालो. “मताला या म्हणून तुम्ही फोन केल्ता बराबर, तवा कुणाला इचारलं?” बाई हसली. हॉर्न वाजला, दोघी टेम्पोत चढल्या. पुढे गावात मतदान वाढलं म्हणून माझा सत्कार झाला. घरी मी अजूनही विचारलेलं नाही.