राहुटीतली ताईची जागा

नातवासाठी तंबू घ्यायला गेलो आणि कोऱ्या ताडपत्रीचा वास नाकात शिरला. दुकानदार विचारत होता, "किती जणांचा देऊ?" मी मात्र खामगावच्या एका जुन्या दुकानात पोचलो होतो.

दरवर्षीच्या जत्रेतल्या दोन दिवसांच्या मुक्कामासाठी बाबा राहुटी घेत होते. मापासाठी त्यांनी आईला, मला आणि धाकट्याला दुकानातच कापडावर ओळीनं निजवलं. मला तो खेळच वाटला. ताईचं लग्न ठरलेलं होतं, म्हणून बाबा म्हणाले, "आता चौघापुरतीच पाह्यजे."

ताई हसत माझ्या शेजारी आडवी झाली. "काऊन? मी येईन ना जत्रेले! माही जागा धरा."

बाबांनी मोठी राहुटी बांधून द्यायला सांगितली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जत्रा तोंडावर आली आणि पहिल्या बाळंतपणात ताई गेली. नवस होता, म्हणून आम्ही तरीही गेलो. आईनं राहुटीत अंथरुणं घातली, त्यात ताईची वाकळही पसरली. एवढ्या मोठ्या राहुटीत आम्ही चौघं अंग चोरून निजलो, तिच्या वाकळेवर कुणाचा पाय पडू नये म्हणून.