दारी थांबणारी घोडी

दारव्ह्याच्या एका शाळेच्या मैदानावर दर शनिवारी सकाळी दिव्यांग मुलांना घोडीवर बसवतात. आखडलेले पाय त्यानं मोकळे होतात म्हणे. घोडी लतीफभाईंची, नाव बिजली. लग्नसराईत ती वरातीत असते, एरवी इथं. तहसीलमधून रिटायर झालेले सरोदेबाबू तिच्या कडेनं चालायचे, बसलेल्या मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवून. पगार नव्हता, पण शनिवारी दुसरं कामही नव्हतं. लग्न त्यांनी केलं नाही. काहून केलं नाही, हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती.

बिजलीला एक खोड होती. नवरदेवाला पाठीवर घेऊन मांडवाच्या दारी आली, की कोणी गूळ दिल्याशिवाय ती हलत नसे. म्हणून मैदानातही फेरी संपली की मुलाची आई वाटी घेऊन समोर यायची.

त्या शनिवारी सरोदेंचा पाय मुरगळला. लतीफभाई म्हणाले, "बसा बाबू, घरी सोडून देतो."

"मी कायले बसू? हासतील लोक."

पण बसले, बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. कोणी हसलं नाही. कोणी पाहिलंही नाही.

घरासमोर लगाम ओढताच बिजली थांबली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. दाराला कुलूप होतं. सरोदे उतरले, तरी ती हलेना.

"वाट पाहून राह्यली ते," लतीफभाई हळूच म्हणाले.

सरोदेंनी कुलूप काढलं, लंगडत आत गेले आणि वाटीत गूळ घेऊन उंबरठ्यावर आले. समोर बिजली उभी होती, आणि तिच्या पाठीवर कोणीच नव्हतं.