चिकटवलेल्या चिठ्ठ्या

माझ्या वैद्यिणीनं जखमी शिपायाच्या छातीवर हात ठेवला, मी फासा उचलला, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तसं न्हाय आता. नियम बदललाय."

बेळगावात खासबागला एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली आहे. एक रविवार आड दुपारी तिथं आम्ही चौघं जमायचो. खेळ असा, की एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. आपलं माणूस काय करतंय ते आपण बोलून सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार, आणि फाशावर किती पडायला पाहिजे ते पुस्तक ठरवणार. गोष्ट अण्णा चालवायचे. ते एका फौंड्रीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढतात. घर खानापूरकडच्या खेड्यात, घरची शेती. दुकान जिचं, ती आक्का आमच्या गोष्टीत चोर होती. काकतीहून येणारे गणिताचे मास्तर शिपाई होते. मी निपाणीहून बसनं जायची. बेळगावात शिकत असताना आक्काच्या दुकानात नोट्सची झेरॉक्स काढायला जायची, तिथून या खेळात शिरले.

पुस्तकं अकरा, सगळी इंग्रजी, सगळी अण्णांची. पहिलं जाडजूड, त्यात मूळ नियम. पण पुढचं प्रत्येक पुस्तक आधीच्यात काहीतरी फिरवून ठेवणार. तिसरं पुस्तक समुद्राचं, तर त्यात जहाजांच्या माहितीमध्येच एका चौकटीत लिहिलेलं, की पहिल्या पुस्तकातला बुडण्याचा नियम इथून पुढं असा वाचावा. सातवं भुतांचं, आणि त्याच्या शेवटच्या पानावर जखमांचा नियम बदललेला. शिवाय कंपनी नेटवर शुद्धिपत्रं टाकते ती वेगळीच. हे सगळं अण्णांच्या डोक्यात असायचं. आम्ही विचारायचं आणि त्यांनी सांगायचं.

त्या दिवशी मला फासा टाकू दिला नाही आणि शिपाई मेला. मास्तर वर्षभर त्या शिपायाला घेऊन खेळत होते. त्यांनी शिपायाची माहिती लिहिलेला कागद नुसता उलटा करून ठेवला. मी विचारलं, "अण्णा, कुठल्या पुस्तकात हाय हे?" त्यांनी हात हवेत फिरवला. म्हणाले, हाय त्यात, पुढं चला.

मी निपाणीत एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. माझ्या टेबलावर सुत्तोले येतात, म्हणजे परिपत्रकं, आणि मागोमाग त्यांच्या दुरुस्त्या. "नियम बदललाय" हे काउंटरच्या आतून कसं म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. खरंच बदललेला असला की सांगणारा कागद काढायला कपाटाकडं वळतो. नुसतं घालवायचं असलं की वळत नाही. अण्णा वळले नव्हते.

आणि तेच वाक्य मी काउंटरच्या बाहेरूनही ऐकलेलं होतं. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मी दहावी झाले तेव्हा शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आम्ही दोघी एका ऑफिसात गेलो. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, नियम बदललाय, तुमचा फॉर्म चालत नाही. आई म्हणाली, बदलला असेल तर कागद दाखवा. तो हसला. आई बाकड्यावर जाऊन बसली. वखारीचा खाडा करून दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी त्यानं फॉर्म घेतला. कागद नव्हताच. तेव्हापासून तोंडी सांगितलेला नियम मला पचत नाही, मग तो खेळातला का असेना.

मी अण्णांकडं एकेक पुस्तक मागायला लागले. कारण सांगितलं, की इंग्रजी सुधारायचं आहे. त्यांना आनंद झाला. वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. मी दोनशे पानी वही घेतली आणि ऑफिसातल्या आवक रजिस्टरसारखे रकाने आखले. कुठला नियम, मूळ कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर, कुणी बदलला, आणि त्या बदलाला पुढं आणखी कुणी बदललं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी तासभर बसायची. अण्णांनी गेल्या दोन वर्षांत सांगितलेले बदल आठवतील तसे लिहून काढले आणि एकेक शोधायला लागले.

आईनं विचारलं, हे ऑफिसचं काम घरी कशाला आणतीस? मी म्हटलं, ऑफिसचं नाही, खेळाचं आहे. तिनं वहीची दोन पानं उलटून बघितली. मग म्हणाली, "खेळात बी फसवत्यात व्हय?"

मी म्हटलं, तेच तर बघतेय.

बरेचसे बदल सापडत गेले. सापडला की मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं होत नव्हतं. सापडला की वाटायचं, हा खरा सांगितला म्हणजे पुढचा खोटा खपावा म्हणून. अशी मी झाले होते.

मग एका रविवारी परतताना, संकेश्वर मागं पडल्यावर, मी पहिलं जाड पुस्तक मांडीवर उघडलं. जखमांच्या पानावर बोट फिरवताना कागद जाड लागला. दोन ओळींवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. इतकी बेमालूम, की वाचताना कळू नये. वरची अक्षरं हातानं काढलेली, छापल्यासारखी सरळ. अशी अक्षरं ड्रॉइंग काढणाऱ्याचीच असतात. मी पान खिडकीच्या उन्हात धरलं. खालचा छाप दिसला. वैद्यानं हात लावला तर फासा टाकावा, असं तिथं साफ लिहिलेलं होतं. अण्णांनी म्हटलं होतं त्याच्या अगदी उलट.

मी बाकीची पानंही तशीच उन्हात धरली. पुढं आणखी सहा चिठ्ठ्या सापडल्या. मी सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढले.

हे मी आधी आक्काला सांगितलं. तिचा विश्वास बसेना, पण मग तिलाही काही काही आठवायला लागलं. तिच्या चोराचा हात कुलपात अडकला तेव्हाही नियम बदललेलाच होता. मास्तरांना कळल्यावर त्यांनी अण्णांचा वीस बाजूंचा फासा गुपचूप घरी नेला, शंभरदा टाकला आणि आकडे मांडून बघितले. फासा सरळ निघाला. त्यानं संशय जायला हवा होता. पण मास्तर म्हणाले, फासा सरळ आहे, म्हणजे घोळ पुस्तकातच आहे. पुढच्या बैठकीत आम्ही तिघं एकमेकांकडं बघत खेळलो. अण्णा ड्रॅगनचं वर्णन करत होते आणि आम्ही त्यांच्या बोटांकडं बघत होतो.

त्याच्या पुढच्या रविवारी मी फोटो टेबलावर ठेवला.

अण्णांनी मोबाइल जवळ ओढून बघितला. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी खोटं बोलतोय असं वाटलं व्हय तुला?"

मी म्हटलं, "व्हय."

मग त्यांनी आपल्या मोबाइलवर काहीतरी शोधून माझ्यासमोर धरलं. कंपनीचं शुद्धिपत्र होतं. माझ्या वैद्यिणीचा नियम त्यात होता, चिठ्ठीवर होता शब्दन् शब्द तसाच. मी उरलेल्या सहाही जुळवून बघितल्या. सहाही जुळल्या. खेळताना सारखं नेट बघायला लागू नये म्हणून त्यांनी त्या एकेक मोजून कापून चिकटवल्या होत्या. खालचं वाचता येईल अशा का नाही चिकटवल्या, असं मी विचारलं. ते म्हणाले, चुकीचं वाचून कुणाला काय मिळणार?

आक्का उठली आणि खाली दुकानात गेली. पंधरा-वीस मिनिटांनी गरम कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तिनं त्या पुस्तकाची नेटवरची सगळी शुद्धिपत्रं छापून आणली होती. ती एक नव्हे, चार होती. अण्णांनी चिकटवलेलं दुसऱ्यातलं होतं. चौथ्यात कंपनीनं वैद्याचा नियम परत होता तसा केला होता. म्हणजे नियम बदलला होता हे खरं, आणि तो पुन्हा मूळपदावर आला होता हेही खरं. मला फासा टाकायला मिळायला हवा होता. अण्णा खोटं बोलले नव्हते. मास्तर म्हणाले, मग शिपाई जिवंत करायचा का? अण्णा म्हणाले, करा. मास्तरांनी जरा विचार केला आणि नको म्हणाले. मेला तो मेला, आता नवा कागद भरलाय.

अण्णांनी आपली पिशवी उचलली. जिन्यात थांबून मला म्हणाले, "इचारलं असतंस तर दाखवलं असतं गं. इंग्रजी शिकायचंय म्हणून पुस्तकं न्यायची काय गरज होती?"

मी विचारलं होतं, आणि त्यांनी हात हवेत फिरवला होता. हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पुढच्या दोन बैठका अण्णा आले नाहीत. फोन केला की कामात आहे म्हणायचे. आणि मग एका रविवारी सकाळी ते निपाणीला आमच्या दारात उभे. स्टँडवरून विचारत विचारत आले होते. दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या. आईनं त्यांना आत बोलावलं, बसायला दिलं आणि पाण्याचा तांब्या-पेला पुढं ठेवला.

खरं सांगायचं तर मी पेल्याकडं बघत होते. आमच्या घरी येऊन "आत्ताच पाणी पिऊन आलोय" म्हणणारी माणसं मी पाहिलेली आहेत. दोन वर्षं ज्याच्यासोबत एका टेबलावर बसले, त्या माणसाच्या हाताकडं मी तशी बघत होते. अण्णांनी पेला भरून पाणी प्यायलं, पुन्हा तांब्या वाकडा करून आणखी घेतलं, आणि आईला म्हणाले, ऊन लई हाय. आईनं चहा टाकला. मी मान वळवली. त्यांना काही कळलं की नाही, मला माहीत नाही. आईला कळलं होतं.

ते म्हणाले, ही पुस्तकं तुझ्याकडं राहू देत आणि नियमांची वही तू ठेव. दोन ठिकाणी बघायला लागलं की चुका होतात. मी म्हटलं, वही मी ठेवीन, पण तुम्ही प्रत्येक ओळ तपासायची आणि बाजूला सही करायची. त्यांनी मान डोलावली. दुपारपर्यंत आम्ही जमिनीवर पुस्तकं पसरून बसलो. ते पान सांगायचे, मी लिहायची. चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं भिजवून काढल्या. एक पान फाटलं. त्यांचं तोंड उतरलं, पण त्यांनी पुढची चिठ्ठी भिजवायला घेतली. नवे बदल आम्ही पेन्सिलीनं कडेला लिहिले, कुठल्या शुद्धिपत्रातला तेही लिहिलं, आणि खालचा छाप उघडाच ठेवला.

शेवटी एक ओळ उरली. पहिल्या वर्षी माझी वैद्यीण पुलावरून नदीत पडली होती. माझा फासा फसला आणि मी कागद टेबलावर ठेवून दिला होता. तेव्हा अण्णा म्हणाले होते, नव्या पुस्तकात आहे, पाण्यात पडलेल्याला आणखी एकदा फासा टाकता येतो. मी टाकला, वाचले, आणि ती वैद्यीण आजपर्यंत चालू आहे. अकरा पुस्तकं आणि चारही शुद्धिपत्रं आम्ही धुंडाळली. तसा नियम कुठंच नव्हता.

मी विचारलं, "अण्णा, हा कुठला?"

ते पानं चाळत राहिले. म्हणाले, असेल कुठंतरी, वाचल्यासारखं वाटतंय. आणि कपाटाकडं न वळणाऱ्या माणसासारखे खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवशी नदीकाठी मी कुठल्या पुस्तकात आहे असं विचारलं नव्हतं. आपल्या बाजूचा नियम कुणी विचारत नाही, माझ्या काउंटरवर तरी नाही.

माझ्यावर दया म्हणून केलं असेल तर ते मला आवडलेलं नाही. चुकून सांगितलं असेल तर ठीक आहे. यातलं कुठलं खरं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. वहीत त्या नियमासमोर पुस्तकाचा आणि पानाचा रकाना कोरा आहे. अण्णांनी बाजूला सही मात्र केली.

आता बैठका पुन्हा सुरू आहेत. अण्णा काही बोलायच्या आधी माझ्याकडं बघतात आणि मी वही उघडून पान सांगते. गेल्या महिन्यात बारावं पुस्तक आलं. मी ते बसमध्येच चाळायला घेतलं आणि हत्तरगी यायच्या आत तीन बदल टिपले. खासबागला पोचून वाचून दाखवले. मास्तरांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा वर सरकवला आणि तिन्ही पानं स्वतः उघडून बघितली. मी थांबले. त्यांचं बघून झाल्यावर आक्कानं फासे वाटले.