होळी ते कार्तिक पुनव

भोजराज शहापूरकडचा. माणूस वाईट नव्हे. कष्टाळू, दारूच्या वाटेला न गेलेला आणि आईच्या शब्दाबाहेर नसलेला. हे शेवटचं लोक कौतुकाने सांगायचे, पण घात झाला तो त्यातूनच.

लग्नानंतर तो हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर असायचा. दिवाळीला आला की पुन्हा होळीलाच यायचा. अशाच एका होळीला पंधरा दिवस राहून परत गेला आणि कार्तिक पौर्णिमेला त्याच्या बायकोला, हर्षाला, मुलगी झाली. तीन किलो वजन, डोकंभर जावळ. त्या दिवाळीला सुट्टी न मिळालेल्या भोजराजने मोबाइलवर फोटो पाहिला आणि साऱ्या साइटवर पेढे वाटले.

बारशाला तो घरी आला, तेव्हा आईने, निर्मलाबाईने, त्याला गोठ्यात नेऊन बोटांवर महिने मोजून दाखवले.

"तू आलता फागुनात. मंग चैत, वैशाख, जेठ, आखाड, शावन, भादवा, अश्विन... कार्तिक आठवा. आठव्या महिन्याचं लेकरू असं गुबगुबीत रायते का रे भोजू?"

म्हातारीच्या मनात पाप होतं असंही नाही. तिने स्वतःची पाच बाळंतपणं अशीच बोटांवर मोजली होती. पण भोजराजला काय झालं होतं? खिशात मोबाइल होता, त्यात तारखा होत्या. घरात दवाखान्याचं कार्ड होतं, त्यावर नर्सबाईने बाळंतपणाची तारीख आधीच लिहून ठेवली होती. यातलं काही न बघता हा शहाणा तडक ओल्या बाळंतिणीपुढे जाऊन उभा राहिला.

"हे लेकरू कोनाचं आहे?"

हर्षाने मुलीला पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "तुमाले काय वाटते?"

भोजराजला वाटलं, सरळ उत्तर देत नाही म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. चार दिवसांनी हर्षा मुलीला घेऊन लाखांदूरला आईकडे गेली. त्याने अडवलं नाही.

पुढे पोटगीचा दावा लागला. भोजराजच्या वकिलाने डीएनए तपासणी मागितली. हर्षा नाही म्हणेल आणि तिथेच सगळं उघडं पडेल, असा त्यांचा होरा होता. हर्षा एका शब्दात हो म्हणाली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिघांना बोलावलं, तेव्हा मुलगी, खुशबू, पावणेदोन वर्षांची झाली होती. कुणीतरी भोजराजला सांगितलं होतं, रक्त उपाशीपोटी द्यावं लागतं. बिचारा सकाळपासून पाण्याच्या घोटावर. तिथे कळलं, या तपासणीला उपास लागत नाही. आधी आधारकार्डं पाहिली, तिघांचे फोटो फॉर्मवर चिकटवले, अंगठे घेतले, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, अलीकडे कुणाला रक्त चढवलं आहे का? मग प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतले, वाळवले, पाकिटांत घातले आणि वर लाखेचं सील केलं. एवढंच. माणसाच्या अब्रूचा निकाल लागायला चार थेंब पुरतात, हे भोजराजला तेव्हा कळलं.

खुशबू टाहो फोडून रडली. त्याने नकळत हात पुढे केले, तर ती आईच्या गळ्याला जास्तच बिलगली. बाहेर बाकावर हर्षाने मुलीसाठी डबा उघडला आणि त्याच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहून विचारलं, "खाऊन नाही आले का?" अर्धी पोळी त्याच्याकडे सरकवली. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली ते एवढंच.

नागपूरहून अहवाल यायला पाच महिने लागले. मुलगी भोजराजचीच होती. वकिलाने वाचून दाखवलं, तेव्हा तो भर कोर्टाच्या आवारात रडला, आनंदाने. खरंच, आनंदाने! दुसऱ्याच दिवशी नवं लुगडं आणि मुलीसाठी फ्रॉक घेऊन त्याने लाखांदूरची एसटी धरली. बायकोला घरी आणायला निघाला होता.

सासूने, विमलाबाईने, पाणी दिलं. बोलता बोलता म्हणाली, "जावईबापू, त्या साली धोंड्याचा महिना आलता. दोन शावन झाले. तुमी हैदराबादले होते, आमचं वान घ्याले आले नाही. याद आहे ना?"

भोजराजने हातातला गिलास खाली ठेवला. अधिक महिना. तो मोजायचाच राहिला होता. आठ आणि एक नऊ. एका राहून गेलेल्या महिन्यापायी त्याने घर मोडलं होतं.

हर्षा दारात उभी होती.

"तुले मालूम होतं?" त्याने विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काहून नाही? तवाच सारं मिटलं असतं."

"मिटलं असतं," हर्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पन खुशबू खरंच आठव्या महिन्यात झाली असती तं? तवा मी काय दाखवलं असतं? तुमी माझ्यासंग तीन साल संसार केला. तेवढ्यावर भरोसा बसते का, हे मले पाहाचं होतं."

त्याने माफी मागितली, पाया पडू लागला. ती मागे सरली. "आता मी येत नाही. रागानं नाही म्हनत. मले तुमच्या घरात झोप लागनार नाही."

आता भोजराज वरठीच्या कारखान्यात जातो आणि महिन्यातून दोन रविवार लाखांदूरला. कोर्टाने दोन तास दिले आहेत. तो ओसरीवर बसतो. हर्षा मुलीला म्हणते, "जा, बाबा आले." खुशबू येते, शिकवल्याप्रमाणे पाया पडते, "बाबा" म्हणते, आणि आता खेळायला जाऊ का म्हणून आईला विचारते.