आजींशी चिअर्स

जर्मनीत येऊन मला वर्ष होत आलं होतं. ऑफिसातला योनास आम्हा तिघा-चौघांना त्याच्या गावच्या बिअरच्या जत्रेला घेऊन गेला. चर्चमागच्या मैदानात लांबलचक बाकं मांडलेली, बँड जोरात चाललेला. माझ्या शेजारी एक अनोळखी आजी बसल्या होत्या. त्यांनी आपला ग्लास पुढे केला. बिअर सांडू नये म्हणून मी ग्लासाकडे बघतच माझा हलकेच टेकवला.

"असं नाही," मला समजावं म्हणून त्या सावकाश म्हणाल्या, "डोळ्यांत बघ. मगच प्यायची."

मोठ्यांसमोर नजर खाली, अशा घरात वाढलेला मी. जरा संकोचून बघितलं. निळे, मिश्कील डोळे. वाटलं, परक्या देशात आपण सतत दुसरीकडेच बघत असतो. मोबाइलमधल्या नकाशाकडे, स्टेशनावरच्या पाट्यांकडे, शब्द निसटू नयेत म्हणून समोरच्याच्या ओठांकडे. माणसाकडे बघायचं राहूनच जातं.

"हं, आता झाली ओळख," आजी म्हणाल्या आणि मोठा घोट घेतला.

मग मी टेबलाभोवती सगळ्यांशीच ग्लास टेकवत फिरलो. वर्षभर माझ्यासमोर बसणाऱ्या योनासचे डोळे घारे आहेत, हे मला त्या दुपारी कळलं.