मामांच्या ट्रंकेतला कॉम्प्युटर

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात एकदाही चुकले नाहीत. हे मी म्हणत नाही, मामाच म्हणत. आणि त्यांच्यापुढं दुसरं काही म्हणायची कुणाची टाप नव्हती. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत ते गणित शिकवत. फळ्यावरचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही, तर पोरींना पुस्तकात दुरुस्ती करायला लावत. एकदा आमच्याकडं कागलला यायला म्हणून निघाले आणि भलत्याच एसटीत बसून जयसिंगपूरला उतरले. संध्याकाळी पिशवीभर पेरू घेऊन आमच्या दारात हजर! "पेरू घ्यायलाच गेलतो की," म्हणाले. लग्नाला दहा वर्षं झाली तरी मी त्यांचा 'पावणं'च होतो. आधी माझं मत विचारायचं आणि मग ते कसं चुकीचं आहे हे समजावून सांगायचं, हा त्यांचा जेवतानाचा आवडता उद्योग. पण समजावता समजावता आपल्या ताटातली मटणाची चांगली फोड हळूच माझ्या ताटात सरकवत, त्यामुळं रागावायचं राहूनच जाई.

शाळेचं वेळापत्रक वीस वर्षं मामाच करत, आणि या कामावर त्यांचा जीव होता. संस्कृतच्या बाईंची एसटी उशिरा येते म्हणून त्यांना पहिला तास नको, पीटीच्या सरांना जेवणानंतरचा तास नको, शिवणाचं मशीन एकच. हे सगळं मामांना तोंडपाठ. तरी दर सत्रात दोन-तीन शिक्षक एकाच वर्गाच्या दारात समोरासमोर येऊन उभे राहत, आणि मामा म्हणत, "वेळापत्रक बरोबर हाय, मास्तर चुकल्यात." त्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी चार रंगांत एक वेळापत्रक करून मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंना, दाखवलं. बाई भाळल्या. झालं! मामांनी शिक्षकांच्या भरसभेत जाहीर केलं, की दिवाळीनंतरच्या सत्राचं वेळापत्रक कॉम्प्युटर करील, आणि नाही केलं तर हे काम मी जन्मात पुन्हा मागणार नाही. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. कॉम्प्युटर त्या सभेतल्या एकानंही पाहिला नव्हता. मामांनीही नव्हता.

एका मासिकात आलेल्या आकृतीवरून आणि मुंबईहून पार्सलनं मागवलेल्या सुट्या भागांतून मामांनी तो घरीच जोडला. पेटी कुठली आणणार? मामींची पत्र्याची ट्रंक रिकामी करून त्यात सगळं बसवलं. पडद्याच्या जागी घरातला टीव्ही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि टीव्हीवर एकपासून शंभरपर्यंत आकडे बिनचूक उमटले. मामांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मामी तबक घेऊन विळी, पकड, सायकल, ट्रंक अशा घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करत फिरल्या. आणि तिसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर बसायला लागला.

बसायला म्हणजे कसा, तर भर उन्हात नांगरटीला बैल बसतो तसा. निम्मं वेळापत्रक झालं की टीव्हीवर गिचमिड अक्षरं उमटायची आणि बटणं दाबून बोटं दुखली तरी गडी हलायचा नाही. कधी दहा मिनिटांत बसे, कधी दुपारभर सुरळीत चाले. मामांनी चूक शोधायला वही घातली. वेळ, हवा, घरात कोण आलंतं, चुलीवर काय होतं, सगळं त्यात. पहिला संशय कुकरच्या शिट्टीवर. आठवडाभर घरात पातेल्यातला भात झाला. मग माझ्या नायलॉनच्या शर्टावर. "पावणं, तुमच्या अंगात करंट हाय," म्हणून मला शर्ट काढून उंबऱ्याबाहेर बसवलं. मी उघडा बाहेर बसलो आणि कॉम्प्युटर आत बसला. मग पाल, मग शेजाऱ्यांचा रेडिओ, मग मासिकाचा संपादक. संपादकाला तर अकरा पानी पत्र गेलं. मामांचे डोळे खोल गेले. मामींनी अंबाबाईला नवस बोलून टाकला. दिवाळीची सुट्टी संपत आली, आणि चित्रकलेचे सर नवे खडू घेऊन वाटेत भेटले, असं मामांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मोठ्या बाई बघायला येणार होत्या. दुपारी मामी शेजारी फराळ द्यायला गेल्या, तेव्हा इतके दिवस चूक बाहेरच शोधणाऱ्या मामांनी पहिल्यांदाच भिंग घेऊन ट्रंकेत डोकं घातलं आणि मला हाक मारली. "पावणं, ह्ये बघा." सगळ्यात मोठ्या चिपवर, बरोबर मधोमध, ठसठशीत हळदकुंकू! वर एक अक्षता. ओलं कुंकू ओघळून चिपच्या पायांत जाऊन वाळलं होतं. हवा दमट झाली की पायाला पाय जोडला जायचा आणि यंत्र बसायचं.

आता मामा घर डोक्यावर घेणार म्हणून मी दाराकडं सरकलो. पण ते खाली बसले. "पूजेच्या वेळी इचारत हुती, ह्याचा जीव कुठं हाय म्हणून. मीच बोट दावलं." मग टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन त्यांनी पायन् पाय घासून काढला. "तिला बोलायचं न्हाय," एवढंच मला म्हणाले.

संध्याकाळी कॉम्प्युटर चालला. तासाभरात पुरं वेळापत्रक टीव्हीवर. संस्कृतच्या बाईंना पहिला तास नाही, शिवणाच्या मशीनवर दोन वर्ग नाहीत. मोठ्या बाई ट्रंकेकडं बघत म्हणाल्या, "छान! हे काम तुमचंच. पण इतके दिवस बिघडलं होतं काय?" मामी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

मामा म्हणाले, "माझं चुकलंतं, बाई. एक सांधा नीट जोडला न्हवता मी."

माझ्या हातातला चिवडा सांडला. मामींनी ट्रे खाली ठेवला आणि यजमानांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग बाईंकडं वळून म्हणाल्या, "सांधा चुकला तर चुकला. मी खंडेनवमीलाच त्याच्या जिवाला कुंकू लावलंय, म्हणून तरी तगलं बघा!"

ज्या माणसानं पाठ्यपुस्तकाचं ऐकलं नाही, तो माणूस मान डोलावून म्हणाला, "व्हय. त्याच्याच जोरावर चाललंय."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मामी थकल्या आहेत, पण आल्यागेल्याला ही गोष्ट अजून सांगतात, आपल्या कुंकवानं कॉम्प्युटर कसा तगला ते. सांगून झालं की माझ्याकडं वळतात, "खरं का न्हाय, जावईबापू?" मामांची फार आठवण येते. मी म्हणतो, "व्हय मामी, त्याच्याच जोरावर."