शेवट सांगू नका हं

उजव्या हाताचा पंजा समोर धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "शेवट सांगू नका हं." देवासच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात मराठी पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येकाने काकांचा हा पंजा पाहिलेला आहे.

तिथल्या ग्रंथपालांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मराठी कपाटं आम्ही काही घरं मिळून सांभाळतो. रविवारी सकाळी जमायचं, धूळ झटकायची, फाटकी पानं चिकटवायची. पावसाळ्याआधी पुस्तकं गच्चीवर नेऊन ऊन दाखवायचं आणि कडुलिंबाचा वाळका पाला घालून परत लावायची. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, काकू जाऊन बराच काळ लोटलेला, मुलगा हैदराबादला. ते रविवारीच काय, रोज यायचे. ज्यांना घराबाहेर पडवत नाही अशा म्हाताऱ्यांकडे पुस्तकं पोहोचवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. खांद्याला पिशवी लावून पायीच निघायचे.

कोणी पुस्तक परत आणलं की त्याची सुटका नसे. "बसा हो, इतनी काय जल्दी आहे? गोष्ट सांगा." गोष्ट सांगावीच लागे. ती शेवटाजवळ आली की पंजा वर. "तो मी वाचणार आहे."

माझ्या पुतणीचं शिक्षण हिंदीत झालेलं. एक बारकी कादंबरी तिने अख्खा उन्हाळा वाचली. "मग ना काका, ती गुस्सा होऊन मायके चली जाते." काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आणि नवरा? घ्यायला नाही गेला?" एका घाईतल्या डॉक्टरांनी मात्र उभ्याउभ्याच शेवट सांगून टाकला. काका त्यांच्याशी बोलेनासे झाले. बीपी दाखवायलाही दुसरीकडे जाऊ लागले.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांना वल्ली म्हणतो आणि मोकळे होतो.

एका वर्षी आम्हाला उत्साह चढला. सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालून टाकली. काका दिवसभर कागद कापून देत होते. त्यानंतर तक्रारी यायला लागल्या. डायबिटीसवाल्या एका आजोबांना कादंबरीऐवजी मिठायांचं पुस्तक गेलं. "भिया, गोड वाचायला काय हरकत आहे?" काका म्हणाले. आम्ही हसलो. मग एका आजींना एकच पुस्तक पुन्हा पुन्हा जायला लागलं.

एका दुपारी मी गेले तर काका कपाटासमोर उभे होते. अंधाऱ्या खोलीत आपण भिंतीवर बटण चाचपतो, तसा त्यांचा हात पुस्तकांवरून फिरत होता. "वहिनी, सगळी एकसारखी झाली हो," ते म्हणाले. आतापर्यंत जाडीवरून, रंगावरून, फाटक्या कोपऱ्यावरून त्यांनी पुस्तकं ओळखली होती. अक्षरं दिसेनाशी होऊन कैक वर्षं झाली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसच सुकली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं. घरी कोण आहे?"

मला तिथेच रडू आलं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळी कव्हरं काढून टाकली. काका पुन्हा न चुकता पुस्तकं वाटू लागले. पण गोष्ट हैदराबादपर्यंत पोहोचली होती. मुलगा न्यायला आला. चांगला मुलगा आहे, त्याला तरी काय म्हणणार?

जायच्या आदल्या दिवशी काका वाचनालयात येऊन माझ्यासमोर बसले. "हं, आता सांगा."

"काय?"

"शेवट. सगळ्यांचे."

मी आठवतील तसे सांगत गेले. ते मान हलवायचे, "असं होय" म्हणायचे. त्या घाईतल्या डॉक्टरांनी सांगितलेला शेवटही त्यांनी पुन्हा ऐकून घेतला. मी पुतणीच्या त्या कादंबरीवर आले तेव्हा मात्र पंजा वर झाला. "हा राहू द्या. हा मी वाचणार आहे."

फोन केला की मुलगा उचलतो. बाबा आराम करताहेत म्हणतो. ती कादंबरी कपाटात आहे, ती कोणी मागितलेली नाही.

रविवारी कोणी पुस्तक परत आणलं की मी म्हणते, बसा, गोष्ट सांगा. कोणी बसत नाही. उभ्याउभ्या शेवट सांगतात आणि जातात.